सेंब्रानीसाठी त्रेचाळीस सेंटिमीटरची अँटेना

९ जुलै, सकाळी ६.२०

आजपासून रोजनिशी. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालव्याच्या पाण्याची उंची वहीत लिहिली, कोणी वाचली नाही. हीही कोणी वाचणार नाही. म्हणून इथे फक्त खरं लिहायचं.

काल जेवताना बायकोने, मुर्यातुनने, पुन्हा सेंब्रानीचा विषय काढला. म्हणाली, अहो, ती गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी आहे, तिच्या जागेत माझ्या टपरीची चार टेबलं बसतील. मी म्हणालो, सेंब्रानी नुसती गाडी नाही, ते मोबाइल रेडिओ स्टेशन आहे. ती म्हणाली, मोबाइल म्हणजे हलणारं ना? मग हलवून दाखवा. सतरा ऑगस्टपर्यंत स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर निघाली तर ठेवा, नाहीतर अठराला भंगारवाला येतो.

मी लगेच मान्य केलं. गाडीला तसं काही झालेलं नाही. फक्त गिअरबॉक्स नाही. तो मेकॅनिकने चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला नेलाय. चांगला मेकॅनिक घाई करत नाही.

संकल्प: आधी नवी अँटेना, मग गिअरबॉक्स. कामाला क्रम असावा. अँटेना बसली की गाडी निम्मी चालू झाल्यासारखीच.

१० जुलै, संध्याकाळी ६.०५

रोजच्याप्रमाणे हौशी रेडिओ क्लबच्या फ्रिक्वेन्सीवर हवामान सांगितलं. लावूचा घाट, उंची सोळाशे मीटर, धुकं मध्यम, रस्ता ओला, वार्सिदी (म्हणजे मी) मोबाइल.

(शेडच्या दाराची फट बरोबर लावू डोंगराकडे आहे. दुर्बीण उत्तम आहे. त्यामुळे रिपोर्ट खोटा नाही. जागा फक्त थोडी वर सरकवलेली आहे.)

पावणेसहाला आमच्या गल्लीत पुतूवाला म्हातारा येतो. तांदळाच्या पिठाचे ते वाफवलेले पुतू ठीक आहेत, पण वाफेवर वाजणारी त्याची शिट्टी अर्ध्या मागेतान गावाला ऐकू जाते. नेमकी माइक चालू असताना वाजली. पाक गुनार्सोंनी, म्हणजे क्लबच्या अध्यक्ष गुनार्सोसाहेबांनी, विचारलं, ही कसली शिट्टी हो? मी म्हणालो, कड्यावरचा वारा. ते म्हणाले, रोज पावणेसहालाच सुटतो वाटतं. मी म्हणालो, डोंगरी वारा वेळेचा पक्का असतो. त्यांना पटलेलं दिसलं. निवृत्त हेडमास्तर, पण शिकायची तयारी आहे.

१४ जुलै, संध्याकाळी ६.४०

आणीबाणी.

रिपोर्ट देत होतो, तेवढ्यात पाक गुनार्सो मध्ये आले. पाक वार्सिदी, देवासारखे भेटलात! मी घाटात तिसऱ्या वळणावर अडकलोय, रेडिएटरमधून नुसती वाफ. तुम्ही वरच आहात ना? जरा दोन बाटल्या पाणी घेऊन या.

मी म्हणालो, आलोच.

निघालो नाही. कशाने निघणार? पण ‘आलोच’ म्हटल्याने अडकलेल्या माणसाला धीर येतो, आणि पाण्याआधी धीर लागतो. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, कुठवर आलात? मी म्हणालो, चौथं वळण, धुकं फार. आणखी दहा मिनिटांनी म्हणाले, अहो, दिसत कसे नाही अजून? मग मी माइक लांब धरला आणि तुकड्या-तुकड्यात बोललो. अँटेना... तुटतंय... अँटेना... आणि सेट बंद केला.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. सत्तर वर्षांचा माणूस थंडीत.

मात्र एक तांत्रिक नोंद केलीच पाहिजे. इतक्या लांबून त्यांचा सिग्नल अफाट होता. काटा पार शेवटच्या आकड्याला टेकला. त्यांच्या इंजिनाची ठकठक, अगदी दाणे कुटल्यासारखी, स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे आमची शेड रेडिओच्या दृष्टीने फार मोक्याची आहे. हे बायकोला सांगायला बांबूच्या चटईवर थाप मारली (चटईपलीकडे लगेच तिची टपरी). ती म्हणाली, नंतर सांगा, मला टेबल दोनला पेचेल वाढायचंय. (पेचेल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याचं वाटण, तिच्या टपरीची खासियत.)

१५ जुलै

पाक गुनार्सो सुखरूप. म्हणाले, भाजीच्या ट्रकवाल्याने पाणी दिलं. रागावले अजिबात नाहीत. उलट सगळ्यांसमोर म्हणाले, पाक वार्सिदींची अँटेना बदलायला हवी, ऐन वेळी दगा देते. क्लबच्या प्रत्येकाने सल्ला दिला. एक म्हणाला लांब घ्या, एक म्हणाला जाड घ्या, एक म्हणाला गाडीच बदला. शेवटच्याकडे दुर्लक्ष केलं.

आता हा इज्जतीचा प्रश्न आहे.

१८ जुलै

अँटेना निवड. पूर्णपणे शास्त्रीय.

गरज: एकाच काडीवर दोन्ही बँड. १४४ मेगाहर्ट्झवर क्लब, ४३० वर भविष्य.

दीड मीटरवाली पल्ल्याला सर्वोत्तम. पण घाटात झाडांच्या फांद्या आहेत, आणि वेगात ती मागे वाकते. बाद. शहाण्णव सेंटिमीटरवाली देखणी होती, हातात घेतल्यावर सोडवेना. पण वारा. बाद. मग दुकानदाराने कोपऱ्यातून त्रेचाळीस सेंटिमीटरवाली काढली. काळी, बुटकी, बुडाशी स्प्रिंग, खाली चुंबकाचं बूड. फांद्यांना लागत नाही, वाऱ्याला जुमानत नाही. दुकानदार म्हणाला, काका, बुटकीला पल्ला कमी मिळतो हं. मी म्हणालो, बाळा, घाटात पल्ला डोंगर देतो.

घेतली.

(सेंब्रानीचं छत ते शेडचा पत्रा, अंतर सत्तेचाळीस सेंटिमीटर. हा योगायोग.)

पत्र्याखाली अँटेना चालत नाही असं पुस्तकात लिहिलंय. माझं मत वेगळं आहे. पत्र्यावर आपटून सिग्नल दाराच्या फटीतून सरळ डोंगराकडे जातो. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आमची शेड पाहिलेली नाही.

२० जुलै, सकाळी ९.००

चुंबक छताला चिकटत नाही. सदोष माल.

सकाळी ९.२०

सदोष नाही. मुर्यातुनच्या कढईला असा चिकटला की कढईसकट उचलावा लागला. कढईत तेल होतं. आता नाही.

सकाळी १०.१५

छत, बॉनेट, चारही दारं, सगळीकडून घसरतो. बोटाने वाजवून पाहिलं तर कलिंगडासारखा बद्द आवाज. गाडीत पत्रा जवळजवळ नाहीच. सगळी पुट्टी. चुंबक फक्त पेट्रोलच्या झाकणाला चिकटतो.

ही गाडी मला मेहुण्याने, सार्वोकोने दिली. एकहाती गाडी, एक ओरखडा दाखवा, असं म्हणाला होता. ओरखडा खरंच नव्हता. त्याला फोन केला. तो म्हणाला, भाऊजी, नशीबवान आहात, पुट्टीला गंज चढत नाही. विचार करता पटलं.

मुर्यातुन म्हणाली, गाडी घेताना लोक खिशात चुंबक घेऊन जातात, तुम्ही मिठाई घेऊन गेलात.

२१ जुलै

सापडलं! रात्रभर डोक्यात घोळत होतं, उत्तर पहाटे चहाच्या वेळी टपरीच्या फळीवर बसलेलं दिसलं. क्रुपुकचा डबा!

चौकोनी, गुडघ्याइतका उंच, शुद्ध पत्र्याचा, समोर काच, आत तळलेले क्रुपुक, म्हणजे कुरकुरीत पापड. चुंबक झाकणाला ठक्कन बसला. डबा सेंब्रानीच्या छतावर नायलॉनच्या दोरीने बांधला. पण आता अँटेना पत्र्याला टेकायला लागली, म्हणून शेडचा एक पत्रा सरकवून भोक केलं. अँटेना जवळजवळ सगळी आकाशात. मीटर लावला. एक पूर्णांक तीन! म्हणजे पाठवलेलं जवळपास सगळं हवेत जातं, परत फारसं काही येत नाही. इतका सुरेख आकडा क्लबमध्ये कोणाचा नाही.

क्रुपुक काढून पाहिले तर आकडा बिघडला. म्हणजे मला वाटतं बिघडला. भरलेलाच ठेवायचा.

२४ जुलै, संध्याकाळी

भांडण. टपरीत क्रुपुकशिवाय पेचेल म्हणजे अपमान, असं मुर्यातुनचं म्हणणं. गिऱ्हाईक दाण्याचं वाटण बघतं आणि मग क्रुपुक शोधतं. तिने शोधलेही. कोंबड्यांवर आळ घेतला. मग वर पाहिलं.

तडजोड: डबा सकाळी तिचा, चार ते साडेसहा माझा. त्या वेळात कोणाला क्रुपुक हवा असेल तर चटईतून हात घालून मागायचा, मी वर चढून द्यायचा.

आज रिपोर्टच्या मधोमध एक हात आला आणि म्हणाला, दोन द्या हो, कुरकुरीत बघून. ते हवेत गेलं. पाक गुनार्सो म्हणाले, कोण आहे बरोबर? मी म्हणालो, गिर्यारोहक. भुकेलेला. ते म्हणाले, द्या बिचाऱ्याला, कुरकुरीत बघून.

३१ जुलै

४३० बँडची चाचणी. चाळीस मिनिटं हाक मारली. कोणीही नाही. एकही खरखर नाही. इतका स्वच्छ बँड मी आयुष्यात ऐकला नव्हता. अँटेना दुसऱ्या बँडवर तर फारच छान काम करतेय.

४ ऑगस्ट

सतरा ऑगस्टला, आपल्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, क्लबतर्फे कोल्हा-शिकार. एकाने सेट घेऊन लपायचं, थोड्या थोड्या वेळाने बोलायचं. बाकीच्यांनी दिशा दाखवणाऱ्या अँटेना फिरवत त्याला हुडकायचं. आठला सुरू, दहाला झेंडा.

कोल्हा मी! पाक गुनार्सो म्हणाले, सगळ्या जिल्ह्यात सतत फिरतीवर असणारा माणूस एकच, त्याच्याशिवाय कोण. सगळे हसून हो म्हणाले. प्रेम आहे लोकांचं. पण मोबाइल माणसाने भावनेला वेळ देऊ नये.

६ ऑगस्ट

कुठे लपायचं ते ठरलं. आमच्या शेडमध्ये.

यातली अक्कल अशी: सगळे मला लावूवर शोधणार. दिशादर्शक काहीही सांगो, चार वर्षांची खात्री त्याहून मोठी असते. मी इथे चहा पीत बसणार, ते बिचारे गारठ्यात वळणं मोजणार. मुर्यातुनला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, त्या दिवशी मी दाणे जास्त भिजत घालते. (दाणे भाजतात, भिजवत नाहीत. बिचारी कौतुकाने गोंधळली असावी.)

११ ऑगस्ट

गिअरबॉक्स. मेकॅनिककडे गेलो. गॅरेज नाही, तळलेल्या बदकाचं दुकान आहे. मालक तोच. ओळख लगेच दिली. गिअरबॉक्सही दाखवला: दुकानाच्या ताडपत्रीचा दोर त्याला बांधलाय, वाऱ्याने उडू नये म्हणून. आतले दात कुठे गेले ते त्याला आठवेना. बदक उत्तम होतं.

काळजी नाही. अजून सहा दिवस आहेत.

१६ ऑगस्ट

तयारी पूर्ण. सेंब्रानीवर केळीची पानं. काचांवर वर्तमानपत्र. डबा सकाळपासून मला द्यायचं बायकोने कबूल केलं, तेही न भांडता. उद्या मी सापडलो नाही की सारा क्लब सेंब्रानी बघायला येईल, आणि एवढ्या लोकांसमोर ती गाडी भंगारात कशी घालेल? गिअरबॉक्सची गरजच पडणार नाही. सगळं कसं जुळून आलंय.

१७ ऑगस्ट, सकाळी ७.५०

गाडीत आहे. पानांखाली. टपरीत सुट्टीची भरपूर गर्दी, बाकं सरकवल्याचे आवाज. चांगलंच. गडबडीत आपला आवाज लपतो.

८.००. सुरू करतो.

१७ ऑगस्ट, दुपारी २.३०

फक्त खरं लिहायचं असं ठरवलं होतं. लिहितो.

बरोबर आठला बटण दाबलं आणि दबक्या आवाजात म्हणालो, मी कोल्हा, शोधा मला. आणि माझाच आवाज चटईपलीकडून आला. एका सेटमधून नाही, चौदा सेटमधून. शोधा मला, शोधा मला.

चटई बाजूला केली. क्लबचे चौदा जण टपरीत पेचेल खात बसले होते. कोणाच्या हातात दिशादर्शक नव्हता, चमचे होते. टेबल दोनवर पाक गुनार्सो. म्हणाले, सापडलात. आता या बाहेर, क्रुपुक संपलेत आणि डबा तुमच्या डोक्यावर आहे.

मी लुंगीत होतो. केळीचं पान खांद्याला.

कधीपासून माहीत आहे, एवढंच विचारलं. ते म्हणाले, पहिल्या आठवड्यापासून. अहो, सोळाशे मीटरवर पुतू कोण विकतो? मी म्हणालो, आणि चौदा जुलै? तुमचा रेडिएटर? मुर्यातुन पलीकडून म्हणाली, त्या दिवशी ते टेबल दोनलाच होते, मी दाणे कुटत होते, तुम्ही चटईवर थाप मारलीत ती त्यांच्या पाठीत बसली. सगळी टपरी हसली. पाक गुनार्सो इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दोन बाटल्या.

कान तापले. लाज वाटली, आणि राग आला, आणि पुन्हा लाज वाटली. म्हणालो, मग चार वर्षं बोलला का नाहीत? ते जरा गंभीर झाले. म्हणाले, रिपोर्ट बरोबर असतो हो तुमचा. माझी बायको त्यावर मिरच्या वाळत घालते. माणूस कुठे बसलाय ते कोण बघतं.

पेचेल खाल्लं.

मग गर्दी वाढली, बसायला जागा पुरेना. कोणीतरी म्हणालं, गाडी बाहेर काढू. चौदा जणांनी ढकलली. मी स्टिअरिंगवर. नऊ वाजून दहा मिनिटांनी सेंब्रानी स्वतःच्या चारही चाकांवर शेडबाहेर आली. मुदतीच्या आत! मी मुर्यातुनकडे पाहिलं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, बरं, जिंकलात. ठेवा.

एवढंच लिहून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आमची गल्ली उताराची आहे. ब्रेक गिअरबॉक्सच्याही आधी गेले होते. सेंब्रानी थांबली नाही. मागे लोक ओरडताहेत, पुढे मी वळवतोय, कोंबड्या उडताहेत. घाबरलो होतो, पण खरं सांगू? चार वर्षांत पहिल्यांदा वार्सिदी खरोखर मोबाइल होता. हे हवेत सांगायलाच हवं होतं. माइक उचलला, बटण दाबलं. काहीच नाही. डबा तर क्रुपुक वाढायला आधीच टपरीत नेला होता, अँटेनेसकट.

एकशेचाळीस मीटर. खाली भंगारवाल्याच्या टायरांच्या ढिगात सेंब्रानी अलगद थांबली. भंगारवाला दात घासत बाहेर आला. म्हणाला, मी उद्या येणार होतो ना, काका? तुम्ही कशाला त्रास घेतलात.

वर चढवायला चौदा जण पुरले नाहीत. दहाला सगळे झेंड्याला गेले.

१९ ऑगस्ट

शेडमध्ये चार टेबलं. टेबल दोन आता टेबल सहा झालंय. अँटेना डब्यावर, डबा फळीवर, सेट डब्याशेजारी. मीटरवर अजूनही एक पूर्णांक तीन. संध्याकाळी रिपोर्ट दिला: लावूवर धुकं कमी, वार्सिदी, टपरी, स्थिर.

‘स्थिर’ म्हणताना जीभ अडखळली.

२७ ऑगस्ट, रात्रीचं जेवण झाल्यावर

आज मुर्यातुनने क्रुपुक आणायला प्लाओसान गावाच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या कारखान्यावर पाठवलं. सायकलने. डबा मागे कॅरिअरला बांधायचाच होता. अँटेना डब्यावर होतीच. सेट पिशवीत टाकला, बॅटरी टाकली. सायकल हे वाहन आहे. बुटकी अँटेना फांद्यांना लागत नाही. निवड किती अचूक होती ते आता कळतंय.

परत येताना पहिल्याच वळणावर मागचं चाक बसलं. पंप घरी. आणि धुकं. खरं, ओलं, दुर्बीण न लागणारं धुकं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बटण दाबलं आणि म्हणालो, वार्सिदी मोबाइल, लावूचा घाट, पहिलं वळण, टायर पंक्चर, मदत हवी. आवाज असा खणखणीत गेला की माझा मलाच अभिमान वाटला.

पाक गुनार्सो लगेच आले. म्हणाले, आलोच.

मी म्हणालो, अहो खरंच. ते म्हणाले, हो हो, मीही खरंच, चौथ्या वळणावर आहे, धुकं फार. मागे चार-पाच जण हसत होते. मी म्हणालो, देवाशप्पथ, मी घाटात आहे, एकटा आहे, थंडी वाजतेय. हसणं थांबलं. मला वाटलं, पटलं.

तेवढ्यात धुक्यातून शिट्टी वाजली. पुतूवाला म्हातारा. त्याचं गाव इथेच वर आहे, रोज इथूनच खाली निघतो म्हणे, आज धुक्यामुळे उशीर झाला होता.

पाक गुनार्सो म्हणाले, पावणेसहा झाले वाटतं. बसा टेबल सहावर, मुर्यातुनबाईंना सांगा, माझंही वाढा.

सायकल ढकलत घरी यायला पावणेतीन तास लागले. म्हातारा अर्ध्या वाटेपर्यंत सोबत होता, त्याने दोन पुतू दिले, गरम होते. डब्याचं झाकण अँटेनेच्या वायरमुळे नीट बसलं नव्हतं. क्रुपुक सगळे मऊ पडले.